नोकरी की नॉकआउट?

ऑलिम्पिकचं पदक गळ्यात, पोलिसांतली डीएसपीची नोकरी हातात... आणि तरीही वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी परक्या देशात ‘फ्रेशर’ म्हणून पुन्हा श्रीगणेशा! विजेंदर सिंगनं हे का केलं असेल? आमच्या बॉक्सिंग क्लासमधल्या एका पोराला सध्या याच प्रश्नानं झोप येत नाहीये.

परवा सकाळी क्लास संपला आणि मी नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून हातावरच्या पट्ट्या सोडवत बसलो होतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी काही बॉक्सर वगैरे नाही. दिवसभर एक्सेल शीट आणि रात्री वडापाव यांच्या कृपेनं सुटलेलं पोट आत घ्यायला मी परळच्या त्या हॉलमध्ये जातो. बॅगेवर ठोसे मारताना बॉसचा चेहरा डोळ्यासमोर आणला की जाम हलकं वाटतं, एवढंच आपलं बॉक्सिंग.

पण आमच्याच बॅचला एक खरा बॉक्सर येतो. वय बावीस. राज्य स्पर्धेत दोन पदकं. आई पोळी-भाजीचे डबे करते, तो सकाळी डबे पोचवतो आणि मग सरावाला येतो. त्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘दादा, तुम्ही ऑफिसात इंग्लिश कागद वाचता ना? हे जरा बघता?’

हातात दोन कागदपत्रं होती. एक, सरकारी खात्यातल्या खेळाडू कोट्याच्या भरतीचा अर्ज. दुसरं, एका प्रमोटरचं आठ पानी कॉन्ट्रॅक्ट. हौशी बॉक्सिंग सोड आणि प्रो हो, असं सांगणारं.

‘आईला दाखवलंस?’ मी विचारलं.

‘दाखवलं ना. ती म्हणाली, यात पगार कुठे लिहिलाय ते दाखव.’

मी आठही पानं चाळली. पगार कुठेच लिहिला नव्हता.

राज्य नाट्य ते शिवाजी मंदिर

अॅमॅच्युअरला आपण मराठीत ‘हौशी’ म्हणतो आणि प्रोफेशनलला ‘व्यावसायिक’. नाटकवाल्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस मिळतं, परीक्षक कौतुक करतात, गावात सत्कार होतो. पण उद्या तेच नाटक घेऊन दादरला शिवाजी मंदिरला उभं राहायचं, तर पहिला प्रश्न एकच : बुकिंग किती झालंय? बॉक्सिंगचंही अगदी तस्संच आहे.

हौशी बॉक्सर देशासाठी किंवा राज्यासाठी खेळतो. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड. स्पर्धेचा ड्रॉ निघतो, समोर कोण येणार ते आपल्या हातात नसतं, आणि आठ-पंधरा दिवसांत चार-पाच लढती उरकाव्या लागतात. प्रशिक्षण, शिबिर, प्रवास यांचा खर्च बहुतेक वेळा कुणीतरी दुसरं करतं. आणि पदक मिळालं की नोकरी.

प्रोमध्ये ड्रॉ नाही, डील असतं. नवख्याला चार राउंड, मग सहा, आठ, दहा आणि मोठ्या विजेतेपदासाठी बारा. अंगात बनियन नाही. पॉइंट प्रत्येक राउंडचे वेगळे : राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला साधारण ९, खाली पडलात तर ८. समोर कोण असेल, ते प्रमोटर आणि त्याचा मॅचमेकर ठरवतात. मिळालेल्या मानधनातून मॅनेजर, ट्रेनर, वैद्यकीय चाचण्या सगळ्यांचे वाटे निघतात, आणि उरेल ते आपलं. लढत नाही, तर पैसाही नाही. थोडक्यात काय, फ्रीलान्सिंग... फक्त यात क्लायंट नाकावर ठोसा मारतो!

बसड्रायव्हरचा मुलगा

पोराला म्हटलं, बस, तुला एक गोष्ट सांगतो.

हरियाणात भिवानीजवळ कालुवास नावाचं गाव आहे. तिथले महिपाल सिंग हरियाणा रोडवेजमध्ये बसड्रायव्हर. मोठा मुलगा मनोज बॉक्सिंग खेळायचा आणि त्याच जोरावर त्याला लष्करात नोकरी लागली. धाकट्यानं, म्हणजे विजेंदरनं, ते बघितलं आणि ग्लव्हज चढवले. भिवानी बॉक्सिंग क्लब, कोच जगदीश सिंग. घरची अपेक्षा साधी होती : खेळ, पदक आण, नोकरी मिळव. आपल्याकडे बँकेच्या परीक्षा देतात ना, तसंच भिवानीत बॉक्सिंग.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो अठरा वर्षांचा होता. पहिल्याच फेरीत घरी. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, दोहाच्या एशियाडमध्ये ब्राँझ. आणि मग बीजिंग, २००८. उपांत्यपूर्व फेरीत इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ नं हरवून त्यानं पदक पक्कं केलं. भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक! उपांत्य फेरीत क्युबाच्या एमिलिओ कोरियाकडून तो ५-८ नं हरला, पण तोपर्यंत देशाला मिडलवेट म्हणजे ७५ किलो हे पाठ झालं होतं.

पुढचं सगळं पोस्टरवर छापण्यासारखं. २००९ मध्ये जागतिक स्पर्धेत ब्राँझ, जागतिक क्रमवारीत नंबर वन, खेलरत्न. २०१० मध्ये पद्मश्री आणि ग्वांगझू एशियाडचं सुवर्ण. जाहिराती, रॅम्प, मासिकांची मुखपृष्ठं. २०१४ मध्ये तर ‘फगली’ नावाच्या सिनेमात हिरोसुद्धा झाला. शिवाय हरियाणा पोलिसांत डीएसपी.

‘मग सोडलं कशाला?’ पोरानं विचारलं. लाखमोलाचा प्रश्न!

पोडियमवरचे चौघे

बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं, म्हणून पोडियमवर चौघे उभे राहतात. बीजिंगला ७५ किलोच्या पोडियमवर कोण होतं बघा. सुवर्ण ब्रिटनच्या जेम्स डीगेलचं, रौप्य कोरियाचं, ब्राँझ विजेंदरचं आणि आयर्लंडच्या डॅरन सदरलँडचं.

डीगेल लगेच प्रो झाला आणि मे २०१५ मध्ये आयबीएफचा सुपर मिडलवेट विश्वविजेता ठरला. ऑलिम्पिक सुवर्ण आणि प्रो विश्वविजेतेपद असं दोन्ही मिळवणारा तो पहिला ब्रिटिश बॉक्सर. कोरियाला तो रस्ताच नव्हता. क्युबात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती, ती थेट २०२२ मध्ये उठली. सदरलँडही प्रो झाला, चारही लढती जिंकला आणि सप्टेंबर २००९ मध्ये लंडनच्या त्याच्या घरात मृतावस्थेत सापडला. वय फक्त सत्तावीस. नव्या शहरात, नव्या धंद्यात एकटं पडणं म्हणजे काय, याचा विचार करताना मला हटकून तोच आठवतो.

आणि अजून एक. बीजिंगच्या पहिल्या फेरीत विजेंदरनं गाम्बियाच्या बाडू जॅकला १३-२ असं अक्षरशः धुतलं होतं. हाच बाडू जॅक एप्रिल २०१५ मध्ये डब्ल्यूबीसीचा सुपर मिडलवेट विश्वविजेता झाला!

आता तुम्हीच विचार करा. तुमच्याबरोबर कॅम्पसला असलेला, तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळवलेला मुलगा सात वर्षांनी कंपनीचा सीईओ झालाय आणि तुम्ही मात्र ‘परमनंट’ आहात. नोकरी उत्तम आहे, पण रात्री छताकडे बघताना काहीतरी टोचतंच ना? विजेंदरच्या डोक्यात नेमकं काय होतं ते त्यालाच माहीत. पण २९ जून २०१५ ला त्यानं लंडनमध्ये फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार केला. हौशी बॉक्सिंगला रामराम! पुढच्याच वर्षी रिओ ऑलिम्पिक होतं, त्यावरही पाणी सोडलं.

पुन्हा पहिलीच्या वर्गात

मँचेस्टर. ट्रेनर ली बिअर्ड. थंडी, पाऊस आणि तीन राउंडची सवय झालेलं शरीर. हौशीत वेग महत्त्वाचा. बीजिंगच्या काळात तर पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळायचा. त्यामुळे टच करायचं आणि पळायचं, असाच खेळ शिकवला जायचा. प्रोमध्ये नुसत्या टचला फारशी किंमत नाही. पाय रोवून, बरगड्यांवर, वजन टाकून मारावं लागतं, आणि आठव्या राउंडलाही हात वर राहील इतका दम राखून ठेवावा लागतो. म्हणजे दहा वर्षांत अंगात मुरलेलं अर्धं विसरायचं!

१० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टर अरेनामध्ये पहिली लढत. सनी व्हायटिंगला तिसऱ्या राउंडमध्ये रेफ्रीनं थांबवलं. तिसावा वाढदिवस एकोणीस दिवसांवर होता. मे २०१६ पर्यंत ब्रिटन-आयर्लंडमध्ये सहा लढती आणि सहाही वेळेआधी खल्लास.

‘सही!’ पोराचे डोळे चमकले. म्हटलं थांब, इथेच खरा फंडा आहे.

नव्या प्रो बॉक्सरसमोर सुरुवातीला कोण येतं? ब्रिटनमध्ये काही बॉक्सर्सचा धंदाच असतो नवोदितांशी लढण्याचा. त्यांना ‘जर्नीमन’ म्हणतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली २००८ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३०० लढती होत्या. जिंकल्या ३२, बरोबरी १२, आणि हरला तब्बल २५६! पुढे जगभर गाजलेला नसीम हमीदसुद्धा उमेदवारीच्या काळात त्याच्याशी लढून गेला. प्रमोटर आपल्या कोपऱ्यात असेल तर जर्नीमन समोरच्या कोपऱ्यात असतो. नसेल, तर तो जर्नीमन आपणच असतो. हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं नसतं.

विजेंदरमागे ऑलिम्पिकचं पदक होतं, टीव्ही होता, स्पॉन्सर होते. त्यामुळे तो कायम ‘घरच्या’ कोपऱ्यात राहिला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये त्यानं युरोपचा माजी मिडलवेट विजेता केरी होपला पूर्ण दहा राउंड खेळवून हरवलं आणि डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिकचा पट्टा कमरेला बांधला. त्याआधी तो पाचव्या राउंडच्या पुढे कधी गेलाच नव्हता. माझ्या मते तो खरा प्रो त्या रात्री झाला.

वरळीतली ती रात्र

५ ऑगस्ट २०१७ ला मी स्वतः वरळीच्या एनएससीआय डोममध्ये होतो. ऑफिसातल्या दोघांना पटवून, जरा वरचंच तिकीट काढून गेलो होतो. लाइट्स, डीजे, सेलिब्रिटी, एकदम हाय-फाय मामला. सीमेवर डोकलामचा ताण होता आणि विजेंदरसमोर चीनचा तेवीस वर्षांचा झुल्पिकार मायमायतियाली. त्यामुळे पब्लिक भलतंच पेटलेलं.

पण माझ्या लक्षात राहिली ती मेन फाइट नाही, तिच्या आधीची. बीजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलेले भिवानीचे दोन पैलवान, अखिल कुमार आणि जितेंदर कुमार, त्या रात्री पहिल्यांदाच प्रो म्हणून रिंगमध्ये उतरले. अखिल तेव्हा छत्तीस वर्षांचा! बीजिंगमध्ये विश्वविजेत्याला हरवणारा माणूस नऊ वर्षांनी पदार्पण करत होता. दोघंही जिंकले. मी आरडाओरडा करत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, हा पंचविसाव्या वर्षी इथे असता तर?

मग विजेंदर. दहा राउंड. झुल्पिकार तरुण, तगडा आणि डावखुरा-बिवखुरा काही असो, मागे हटायलाच तयार नाही. त्याचे काही ठोसे पट्ट्याखाली बसले आणि रेफ्रीनं त्याचा एक गुण कापला. निकाल : ९६-९३, ९५-९४, ९५-९४. विजेंदर जिंकला, डोम दणाणला. घरी जाताना टॅक्सीत मी आकडेमोड केली (सवय हो, दुसरं काय!). तो एक गुण कापला नसता तर दोन पंचांच्या कार्डावर ९५-९५ झाले असते आणि लढत बरोबरीत सुटली असती. दहा राउंड रक्त आटवायचं आणि पट्टा कुणाचा, ते एका गुणावर ठरायचं. जिंकल्यावर विजेंदरनं माइक हातात घेऊन, सीमेवर शांतता राहावी म्हणून हा किताब झुल्पिकारला परत द्यायची तयारी दाखवली. पब्लिक क्षणभर गोंधळलंच.

आणि मग...

इथे सिनेमा संपायला हवा होता. पण करिअर असं संपत नाही ना.

डिसेंबर २०१७ मध्ये जयपूरला आणखी एक विजय. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष लढतच नाही. अमेरिकेच्या टॉप रँकशी करार झाला, पण मध्येच दुखापत. २०१९ मध्ये पोलिसातली नोकरी सोडून तो काँग्रेसतर्फे दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभा राहिला आणि हरला. (२०२४ मध्ये तो भाजपमध्ये गेला.) जुलै २०१९ मध्ये न्यूअर्कला माइक स्नायडरवर विजय, नोव्हेंबरमध्ये दुबईत चार्ल्स अडामूवर. १२ लढती, १२ विजय.

मग पुन्हा मोठी गॅप. १९ मार्च २०२१, पणजी. मांडवीतल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंग. समोर रशियाचा उंचापुरा आर्तिश लोपसान, जवळपास दहा वर्षांनी लहान. पाचव्या राउंडला रेफ्रीनं लढत थांबवली. पहिला पराभव. ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला घानाच्या एलियासू सुलेला त्यानं दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं खरं, पण १४ लढतींत १३ विजय एवढं असूनही चार मोठ्या संघटनांपैकी एकाच्याही विश्वविजेतेपदाची लढत त्याच्या वाट्याला आली नाही.

मग तो फसला का? मला नाही तसं वाटत. चुकला असेल तर वेळ चुकली. वयाच्या तिशीत सुरुवात, आणि शेवटच्या चार लढतींना तीन वर्षांहून जास्त काळ. प्रोमध्ये ठोशांपेक्षा रिकामे महिने जास्त लागतात.

पुढच्या पिढीनं हे बरोबर हेरलंय. कर्नालच्या निशांत देवनं २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ घेतलं, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि २५ जानेवारी २०२५ ला लास वेगासमध्ये प्रो म्हणून पहिल्याच राउंडमध्ये जिंकला. वय चोवीस. विजेंदरपेक्षा पाच वर्षं आधी.

पाच प्रश्न

आमचे सर इतका वेळ कोपऱ्यात बॅगा टांगत होते. स्वतः एकेकाळी राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले, चोविसाव्या वर्षी कोट्यातून नोकरीला लागलेले. पोरानं त्यांना विचारलं, ‘सर, तुम्हाला पस्तावा होतो?’

सर म्हणाले, ‘टीव्हीवर फाइट लागली की होतो. एक तारखेला होत नाही.’

मग आम्ही तिघांनी बसून कॉन्ट्रॅक्ट नीट वाचलं आणि मागच्या कोऱ्या पानावर पाच प्रश्न लिहिले. वर्षाला किमान किती लढती देणार? एमआरआय, डोळे, रक्त या चाचण्यांचे पैसे कोण भरणार? दुखापत झाली तर उपचार आणि मधल्या महिन्यांचं काय? मानधनातून कुणाचा किती वाटा कापणार? आणि नाही जमलं तर बाहेर कसं पडायचं? मित्रांनो, नवा जॉब घेताना तुम्ही-आम्ही एवढं विचारतो का? मी तर कधीच नाही. एचआर हसली की सही!

पोरानं प्रमोटरला फोन लावला. पाचपैकी दोनच प्रश्नांची उत्तरं मिळाली. बाकीचं ‘भेटून बोलू’.

शेवटच्या तारखेला त्यानं कोट्याचा अर्ज भरला. आईनं देवापुढे ठेवून मग दिला. मला वाटलं, संपला विषय. मी म्हटलंही, ‘चांगलं केलंस.’

तो म्हणाला, ‘दादा, विजेंदरनं पण आधी नोकरीच घेतली होती ना?’

कॉन्ट्रॅक्टची आठ पानं अजून त्याच्या बॅगेत आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली. निकाल लागायला अजून वेळ आहे. काल सकाळी सरांनी तीन राउंड झाल्यावर घंटा दिली. आम्ही सगळे पाण्याच्या बाटल्यांकडे धावलो. तो तिथेच रिंगमध्ये उभा राहिला, ग्लव्हज वर करून.

‘सर,’ तो म्हणाला, ‘अजून एक.’

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत आणि चौथ्या राउंडची घंटा दिली.